झोए त्रांब्लेचं पहिलं लग्न

असं समजा, तुम्ही चर्चच्या तळघरात बसलाय. पुढ्यात लग्नांची जाडजूड नोंदवही आहे. तुमच्या आईवडिलांचं लग्न शोधायचं. ते सापडलं की तिथेच दोघांच्याही आईवडिलांची नावं मिळतात. मग त्यांचं लग्न शोधायचं. असं एकेक लग्न धरून पायरीपायरीने वर चढायचं. सोपं वाटतं ना? फेर्नांदलाही तसंच वाटलं होतं. फरक इतकाच, की ती चढत होती दोन मेलेल्या पोरांसाठी.

तिचा नवरा आदेलार फेब्रुवारीत गेला. जमीन दगडासारखी गोठलेली, कुदळ लागेना. म्हणून त्या हिवाळ्यात मेलेल्या इतरांबरोबर त्याचीही पेटी दफनभूमीतल्या दगडी खोलीत ठेवली होती. बर्फ वितळलं की मे महिन्यात पुरायचं, ही इथली रीतच. फेर्नांदचं मागणं एवढंच होतं, की तो खड्डा उघडेल तेव्हा मार्सेलँ आणि दोनालाही बापाशेजारी आणावं.

दोघं दफनभूमीत तिच्या माहेरच्या जागेत पुरलेले होते. गेले तेव्हा मार्सेलँ चौदा महिन्यांचा, दोना नऊ. पोटं फुगलेली, डोळे पिवळे, अंगाला उकडलेल्या कोबीसारखा वास. सत्तावन्न साली मार्सेलँ गेला तेव्हा सासूने, एक्झिल्दाने, दारातच सांगितलं, "आमच्यात असलं कधी झालं नाही. हे तुझ्या रक्तातून आलंय. आमच्या जागेत नको." साठ साली दोना गेला तेव्हाही तीच बाई, तेच दार, तेच शब्द. आदेलार दोन्ही वेळा बुटांकडे बघत उभा राहिला. नंतर चौतीस वर्षं त्याने हा विषय काढला नाही आणि तिलाही काढू दिला नाही.

आता सासरच्या जिरार घराण्याची ती जागा थोरल्या नणंदेच्या, ल्युसियाच्या नावावर होती. तिच्या सहीशिवाय तिथे फावडं लागणार नव्हतं.

"आईचा शब्द मी मोडायची नाही," ल्युसिया म्हणाली.

"वन्सं, डॉक्टरांनी मला समजावून सांगितलंय. हा आजार दोघांकडून यावा लागतो. एकट्या आईकडून येत नाही."

"डॉक्टर काय आमच्या घरात राहत होता? आमचं रक्त वेगळं, तुमचं वेगळं. कुठे जुळत असेल तर कागदावर दाखव. मग ये सही मागायला."

फेर्नांद दुसऱ्याच दिवशी तळघरात जाऊन बसली.

तिथल्या नोंदवह्या ओनेझीम सांभाळायचा. कागद गिरणीत आदेलारच्या शेजारी उभं राहून त्याने तीस वर्षं काम केलं होतं, त्यामुळे ती त्याची वहिनी. फेर्नांदची स्वतःची बाजू दोन दुपारांत झाली. आई देगान्यांची. तिची आई देलिमा त्रांब्ले. देलिमाचे आईवडील माग्ल्वार त्रांब्ले आणि देमेरीझ हार्वे. देलिमाआजीला तिने पाहिलंच नव्हतं, आणि स्वतः अकरा वर्षांची असताना तिची आई गेली. त्यामुळे ही नावंही तिला नवीच होती.

आदेलारची बाजू मात्र एक्झिल्दाच्या आईपाशी अडली. नोंद अशी होती: १८९१, तोमा लाव्हुआ आणि झोए त्रांब्ले, दिवंगत एल्झेआर साव्हारची विधवा. तोमाच्या आईबापांची नावं होती. झोएच्या पुढे कोरं.

फेर्नांद ओनेझीमला विचारायला थांबली नाही. बाप्तिस्म्याच्या वहीत वयाला साजेशी एक झोए त्रांब्ले शोधली आणि तिच्यावरून चढायला लागली. तीन आठवडे ती चढत राहिली, थेट फ्रान्सहून आलेल्या माणसापर्यंत. मोठ्या आनंदाने तिने ते कागद ओनेझीमला दाखवले. त्याने मृत्यूची वही उघडली, बोट ठेवलं आणि हसायला लागला.

"ही झोए सहा वर्षांची असताना मेली, वहिनी. आणि तुम्ही तिची दोन लग्नं लावलीत! या गावात दर तिसरं माणूस त्रांब्ले. नुसत्या नावावरून जाल तर माझ्या घरात येऊन पोचाल."

"मग हिच्या आईबापांची नावं का लिहिली नाहीत?"

"विधवेच्या दुसऱ्या लग्नात आईबाप लिहीतच नाहीत. मेलेला नवरा लिहितात. त्यालाच गाठायचं. तो नेईल सासऱ्याच्या घरी."

एल्झेआर साव्हार या गावचा नव्हता. नदीकाठच्या एकेका चर्चच्या वह्या त्यांनी पालथ्या घातल्या. एप्रिल अर्धा सरला, छपराचं पाणी गळायला लागलं, तरी तो मिळेना. शेवटी मिळाला तो नदीतल्या बेटावरच्या वहीत. १८८२, एल्झेआर साव्हार आणि झोए त्रांब्ले, माग्ल्वार त्रांब्ले आणि देमेरीझ हार्वे यांची मुलगी.

फेर्नांदने स्वतःच्या बाजूचा कागद काढून शेजारी ठेवला. दोन्हीकडे तीच नावं. झोए आणि देलिमा सख्ख्या बहिणी होत्या.

"पणजोबा एकच निघाले तुमचे," ओनेझीम म्हणाला. हसू गेलं होतं. "इतक्या जवळच्या नात्यात बिशपची परवानगी लागली असती लग्नाला. मिळालीही असती म्हणा, मागेल त्याला मिळायची. माझ्या आईबापांना दोन बाजूंनी घ्यावी लागली, म्हणून तर मी असा."

"आमच्या नोंदीत परवानगी नाही. मी पाहिलंय."

"मग कोणी नातं सांगितलंच नसणार."

त्या उत्तराने तिला काहीतरी टोचलं, पण तेव्हा ती घाईत होती. दोन्ही नोंदींच्या नकला घेऊन ती थेट ल्युसियाकडे गेली.

ल्युसियाने वाटाण्याच्या सुपाखालची आच कमी केली, चष्मा लावला आणि ओळीवर नख ठेवत कागद दोनदा वाचले.

"देलिमा म्हणजे तुझी आजी?"

"हो."

"अगं, हे नाव तर मला पाठ आहे! झोएआजी शेवटी आमच्याकडेच होती. मी नऊ वर्षांची होईपर्यंत. डोळे गेलेले, दिवसभर खुर्चीत. देलिमाने असं केलं, देलिमाने तसं केलं. देलिमा गोठलेल्या नदीवरून घसरगाडीत बसून देगान्यांच्या घरी नांदायला गेली. आई नुसती वैतागायची, पुरे झालं म्हणायची तुझं देलिमापुराण..."

बोलता बोलता ल्युसिया थांबली. आपण काय बोललो ते तिला आत्ता ऐकू आलं असावं. तिने चष्मा काढला, ड्रॉवरमधून पेन काढलं आणि पोरांना हलवायच्या परवान्यावर सही केली.

"आण पोरांना," ती म्हणाली.

ज्यासाठी फेर्नांद आली होती ते हातात होतं. पण तिला उठवेना.

"वन्सं, लग्नाआधी फादरनी नात्याबद्दल विचारायला सासूबाईंना आत बोलावलं होतं. माझी आई नव्हती, म्हणून एकट्यांनाच. मी आणि आदेलार बाहेर बाकावर बसलो होतो. त्या हातमोजे चढवत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, झालं, चला."

"मेलेल्या माणसाला कशाला उकरतेस, फेर्नांद?"

"मी देगान्यांची नात, हे त्यांना ठाऊक होतं. सोयरीक जुळली तेव्हा माझ्या आईचं घराणं त्यांनीच मला विचारलं होतं."

ल्युसिया उठली आणि पाठ करून सूप ढवळत राहिली. पळी भांड्याच्या बुडाला घासत होती.

"मला फक्त एवढंच सांगा," फेर्नांद त्या पाठीला म्हणाली. "परवानगी मागताक्षणी मिळाली असती. मग त्या आत काय बोलल्या? आणि रक्त एकच आहे हे माहीत असताना दोन्ही वेळा दारात उभं राहून ते माझं एकटीचं का केलं?"