उद्याची पाळी कुणाची?

समोरच्याने निम्मंच देऊ केलं तर तुम्ही काय करता? मान डोलावता, की पाठ फिरवता?

आमच्या बौद्धवाड्यातल्या मावशी दोन्ही करत नसत. पदर खोचून त्या माणसासमोर बैठक मारायच्या. "हे झालं तुमचं. आता माजं ऐका."

लेकीचं ठरलं, तेव्हा व्याही म्हणाले, लग्न याच उन्हाळ्यात. मावशी म्हणाल्या, "पुढच्या. तवर पोरगी सातवी पास हुईल, तुमच्या फौजी पोराची पत्रं तीच वाचून दावंल." लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं!

बहात्तरच्या दुष्काळात म्हसवडकडच्या रस्त्यावर आम्ही सगळे, गाव आणि वाडा, खडी फोडत होतो. पाण्याचं पिंप एक. तांब्या मुकादमाच्या भावजयीच्या हातात. आमच्या वाड्याने लांबून ओंजळ धरायची, ती वरून धार सोडणार. निम्मं पाणी मातीत. दुष्काळात!

एका दुपारी मावशींनी ओंजळ धरलीच नाही. हातोडा खाली ठेवला. मागोमाग वाड्यातले सगळे हातोडे थांबले.

मुकादम धावत आला. संध्याकाळी साहेबांची जीप यायची होती. "आवं, असं काय करता? तुमाला येगळं पिंप देतो. नवं कोरं. झाडाखाली ठिवतो, गार ऱ्हाईल."

मी ओरडलो, "नको! बहिष्कार!" खिशात चळवळीची पत्रकं होतीच.

"गप रं. बहिष्कारानं घसा वला हुतो व्हय?" मावशी मुकादमासमोर बसल्या. "हे झालं तुमचं. आता माजं ऐका. पिंप हेच, जागा हीच. वाढायची पाळी तेवढी बदला. आज तुमची बाई, उद्या मी."

"उद्या कुणी पिणार न्हाई!"

"नगा पिऊ. पाळी तर लावा."

मुकादमाने रस्त्याकडे पाहिलं, आमच्या थांबलेल्या हातोड्यांकडे पाहिलं, आणि कबूल झाला.

दुसऱ्या दिवशी मावशी तांब्या घेऊन उभ्या. आमच्या वाड्याखेरीज कुणी फिरकेना. ऊन डोक्यावर आलं. शेवटी पाटलांच्या भावकीतला एक पेन्शनर फौजी उठला. ओंजळ न धरता त्याने तांब्याच मागितला. "आन गं बाई. पलटनीत पाणी देणाऱ्याची जात इचारत बसलो असतो, तर तितंच वाळलो असतो."

घटाघटा प्याला! मग रांग लागली मित्रहो, रांग! सगळ्यात शेवटी मुकादमाची भावजय, खाली बघत, ओंजळ पुढे करून. मावशींनी धार सोडली नाही. तांब्या तिच्या हातात दिला.

मावशी आता नाहीत. तो रस्ता डांबरी झाला, त्यावरून एसटी धावते.

वाचकहो, एवढं करा. तुमच्या गावच्या पाणवठ्यावर जा. पाणी कोण वाढतंय ते बघा. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, उद्याची पाळी कुणाची?