चाची आणि कौसल्येचे ताट

१९५६ सालच्या माघातला रविवार, जुन्नरच्या बाजाराचा दिवस. जमा रक्कम एक रुपया चार आणे. हजर पाच घरचे पाच जण, आणि प्रत्येकाच्या घरी इथल्या डॉक्टरांनाही अनोळखी असलेल्या गाठीचा एक आजारी. बसलो होतो आमिनाचाचीच्या ओटीवर.

चाचीचे यजमान भांड्यांना कल्हई करत. मांडीच्या हाडातल्या गाठीने ते गेले. मुंबईच्या दवाखान्यात कुठल्या खिडकीशी उभे राहायचे, रात्री कुठे पडायचे, हे तिला ठाऊक होते. ते इतरांना सांगता यावे म्हणून तिने आम्हाला एकत्र केले. चार-चार आणे गाडीभाड्यासाठी. हिशेब माझ्याकडे.

माझ्या पत्नीला, कौसल्येला, जबड्यात गाठ होती. रोग लागेल म्हणून आईने तिचे ताट वेगळे करून पडवीत ठेवले होते. मी काही बोललो नव्हतो. कौसल्येचे जेवण तुटत चालले होते.

पुढच्याच आठवड्यात चाची पिंपळवंडीला आमच्या घरी आली. कौसल्येशेजारी बसली आणि तिच्या ताटातली दुधात कुस्करलेली भाकरी खाऊ लागली.

आई म्हणाली, “अगं, ते ताट तिचं हाय.”

“म्हणून तर घेतलं. मालकाच्या ताटात मी दीड वरीस जेवले. मला काय झालं?” मग आणखी एक घास घेऊन, “दूध मातर लई पाणचट, आई. म्हस नदीत बांधता का काय?”

कौसल्या हसली. सुजलेल्या तोंडाने हसताना तिला दुखले. आईला विटाळाची भीती जास्त वाटली की रोगाची, मला कळले नाही; पण त्या रात्री कौसल्येचे ताट आत आले.

चाची प्रत्येक घरी हेच करी. “गाठ मला काढता येत न्हाई, भाऊ. शेजारी बसता येतं,” एवढेच तिचे म्हणणे.

आम्ही मुंबईला जाऊन आलो. तिथल्या डॉक्टरांनी उशीर झाल्याचे सांगून पुढची तारीख दिली. भाकरीची पेज झाली, पेजेचे पाणी झाले. चाची येत राहिली, त्याच वाटीतून एक घोट घेऊन वाटी कौसल्येच्या ओठांना लावत राहिली. ज्येष्ठात एके दिवशी पाणी ओठांतून परत आले. चाची वाटी धरून तशीच बसली.

“आता काय करू, भाऊ? मला येवढंच येत व्हतं.”

आईने तिच्या हातातून वाटी घेतली. तिसऱ्या दिवशी कौसल्या गेली.

तिच्या दुसऱ्या मुंबईवारीसाठी ठेवलेले सात रुपये बारा आणे शिल्लक होते. पुढच्या बाजारी शिनोलीचा सखाराम नव्यानेच आला. त्याच्या मुलीच्या डोळ्यामागे गाठ होती. चाचीने माझ्याकडे पाहिले. मी ते पैसे त्याला दिले.

“पोरगी वाचंल ना, राव?” त्याने विचारले.

चाची त्याच्या शेजारी सरकून बसली. मी त्याच्या हातातले पैसे परत घेतले, त्याच्यासमोर पुन्हा मोजले आणि सात रुपये बारा आणे त्याला दिले.