काचेच्या दारांची शेकोटी

आमच्या ह्यांनी जन्मभर कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर रोह्याच्या घरात भिंतीतली शेकोटी बांधून घेतली. वर धुराडं, पुढे काचेची दारं. रोह्यात थंडी पडते ती जेमतेम चार दिवस, पण सांगणार कोण?

पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांना बोलावून ह्यांनी लाकडं पेटवली आणि लगेच दारं लावली. सासूबाई म्हणाल्या, "अरे, जाळ मोठा हाय तोपर्यंत दारं उघडी ठेव." हे नुसते हसले. लाकडं ओलसर होती. बघता बघता काच काळी झाली आणि शेजाऱ्यांना जाळच दिसेना. तेव्हा ओलं फडकं घेऊन हे तापलेली काच पुसायला गेले. टण्‌कन आवाज आला आणि काच वरपासून खालपर्यंत तडकली.

कंपनीत काही घडलं की दुसऱ्या दिवशी तिथे पाटी लागायची. सकाळी आमच्याही भिंतीवर लागली, बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीला: 'तापलेल्या काचेला ओलं फडकं लावू नये.'

सासूबाईंनी ती माझ्याकडून वाचून घेतली. म्हणाल्या, "हातभर वर लाव गो. त्याला दिसायला नको?"