चौथा भिडू

किस्से कोणी जमवत नाही, ते साचतात. माझ्या चष्म्याच्या दुकानात एक खण आहे. लोक नवी फ्रेम घालून जातात आणि जुनी "राहू दे तुमच्याकडे" म्हणून टाकून जातात. आता तो खण बंदच होत नाही. किस्स्यांचंही तसंच झालंय. एक काढायला जावं, तर चार अडकून वर येतात!

आमचा अड्डा म्हणजे जुन्या पनवेलमधल्या या दुकानाच्या मागच्या खोलीतला कॅरम. नेहमीचे तिघे. मी, शेजारचा टेलर सलीम आणि विचुंब्याचा नामदेव. कॅरमला चार लागतात आणि चौथा आमच्याकडे कधीच नव्हता. मग दुकानावरून जो जाईल त्याला हाक मारायची, "या, बसा, चौथा नाहीये!"

दुकानाचे मूळ मालक अण्णा. ही हाकही त्यांची आणि नियमही त्यांचाच. नियम एकच, बसलात की गेम संपेपर्यंत उठायचं नाही. कोणी कुरकुर केली की अण्णा म्हणायचे, "घराला आग लागली असेल तर शेजारी विझवतील. तुम्ही स्ट्रायकर घ्या!"

हल्ली चष्मा करायला येणारी कॉलेजची पोरं मला त्यांचे पाच-पाच वर्षांचे प्लॅन ऐकवतात. मी ऐकून घेतो. हसतही नाही. पण गेल्या रविवारी सलीम पनवेल सोडून गेला, कायमचा, आणि तेव्हापासून हे सगळं डोक्यात फिरतंय. आम्ही तिघेही मूळचे चौथेच. आमच्यातला एकही जण इथे ठरवून आलेला नाही.

*

माझ्यापासूनच सुरुवात करतो. मी कर्जतचा. बी.कॉम. होऊन घरी बसलेला. मामांच्या ओळखीने अलिबागला एका ऑफिसात चिकटायचं ठरलं होतं. पनवेलला एसटी बदलायची. स्टँडवर चष्म्याचा स्क्रू पडला आणि एक काच हातात आली. कोणीतरी म्हणालं, बाजारात अण्णांकडे जा.

अण्णांनी चष्मा घेतला, मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "स्क्रू मागाहून. आधी बसा, चौथा नाहीये."

"अहो, पण माझी गाडी..."

"गाड्या मिळतात हो. चौथा मिळत नाही!"

एका काचेवर खेळलो. गेम संपेपर्यंत शेवटची गाडी गेली. रात्री अण्णांकडेच जेवलो, काकूंनी वालाचं बिरडं केलं होतं. सकाळी अण्णा म्हणाले, "आज जरा गर्दी आहे दुकानात. थांब. उद्या जा."

मी अजून थांबलोय! अण्णांना मूलबाळ नव्हतं. पुढे दुकान त्यांनी माझ्याच हाती दिलं. अलिबाग मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्नानंतर, बायकोला समुद्र दाखवायला नेलं तेव्हा.

*

सलीमचं तर मस्कत पक्कं झालं होतं. तिकडे टेलरिंगच्या दुकानात नोकरी, इकडे पासपोर्ट तयार. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुंबईला एजंटकडे पोचायचं होतं. निघताना अण्णांना सलाम करायला आला. अण्णांनी सलाम घेतला आणि खुर्ची पुढे सरकवली.

त्या दिवशी गेम असा काही चिकटला की राणी घ्यायचे सगळे, कव्हर कोणाचंच होत नव्हतं! सलीम मुंबईत पोचला तेव्हा एजंटच्या दाराला कुलूप. दुसऱ्या दिवशी कळलं, त्याच्या जागी दुसऱ्याच कोणाला तरी पाठवलं. बिचारा रडकुंडीला येऊन परत आला. "अण्णा, अल्लाने रोक लिया मुझे."

अण्णा म्हणाले, "अल्लाला कशाला मध्ये घेतोस? राणीने रोखलं!"

मग शेजारच्याच गाळ्यात मशीन टाकून बसला. पनवेलच्या दोन पिढ्यांचे शाळेचे युनिफॉर्म त्याने शिवले. आज गावातले मोठमोठे डॉक्टर, वकील त्याच्यासमोर जरा दबून असतात. कोणाची चड्डी कुठे फाटली होती, हे त्याला अजून पाठ आहे!

*

नामदेवला त्याच्या बापाने पनवेलला पाठवलं होतं ते बँडवाल्याला बोलवायला. मोठ्या भावाची हळद होती. आमच्याकडच्या गावांत लग्नाला एक वेळ भटजी उशिरा आला तरी चालतो, पण हळदीला बँड पाहिजे म्हणजे पाहिजे. नामदेव दुकानावरून चालला होता. अण्णांनी हाक मारली.

गेम संपवून तो बँडवाल्याकडे गेला, तर बँड उरणच्या हळदीला निघून गेलेला. आता घरी काय सांगणार? विचुंब्यात मांडव भरलाय, बायका नटून बसल्यात, बाप रस्त्यावर येऊन उभा.

"बँड कुटं हाय रं?"

नामदेवने मांडवातला रिकामा तेलाचा डबा उचलला, गळ्यात अडकवला आणि म्हणाला, "मीच हाय बँड!"

रात्रभर डबा बडवत गायला. पहाटेपर्यंत म्हाताऱ्यासुद्धा नाचत होत्या. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या गावातून माणूस आला, "तो डबेवाला पोरगा आमाला पन पायजे." आज नामदेवचा स्वतःचा बँड आहे. गाडी, लाइट, साउंड, सगळं. मोसमात त्याची तारीख मिळत नाही. बाप जाईपर्यंत म्हणायचा, "पोरगा कामाला पाठवला व्हता, कॅरम खेलत बसला, म्हनून घर उभं राह्यलं." असली कौतुकं फक्त नामदेवच्याच बापाला जमत!

*

कुलकर्णी सरांचा किस्सा मी लग्नकार्यात हमखास सांगतो. सर तेव्हा नुसते कुलकर्णी होते, पुण्याहून मुलगी बघायला आलेले. मागच्या गल्लीतलं घर. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा बॉक्स, आणि पत्ता विचारला तो नेमका आम्हाला!

"पत्ता सांगतो," सलीम म्हणाला, "पहिले बसा तो सही."

खेळ रंगात आला असताना एक मुलगी वडिलांचा चष्मा न्यायला आली. मी म्हटलं, "गेम चालू आहे, थांबावं लागेल." ती थांबली. थोडा वेळ बोर्डाकडे बघत राहिली आणि मग तिला राहवेना. "अहो, राणी समोर आहे. तुम्ही कोपऱ्यात काय शोधताय?"

कुलकर्ण्यांनी वर पाहिलं. मग राणी घेतली. कव्हरही केलं.

गेम संपल्यावर मी म्हटलं, "चला, ते मागच्या गल्लीतलं घर दाखवतो."

तर हे म्हणतात, "ते राहू द्या हो. यांचं घर कुठे आहे?"

पेढेही त्याच घरी गेले! आता दोघं कामोठ्याला क्लासेस चालवतात. पोरांना अभ्यासाचं टाइमटेबल आखून देतात आणि त्याबाहेर काही करू देत नाहीत. मागच्या गल्लीतल्या घरी काय झालं असेल, याची मला बरीच वर्षं रुखरुख होती. परवा त्या घरातली मुलगी वाचायचा चष्मा करायला आली. आता स्वतःचं क्लिनिक आहे तिचं. मी भीत भीत विषय काढला. खळखळून हसली. "काका, तुमचे उपकार आहेत! त्या दिवशी मी मागच्या दाराने मैत्रिणीकडे पळून गेले होते. तिकडून कोणी आलंच नाही म्हणून वाचले!"

*

सगळेच काही बसायचे नाहीत. बँकेतले एक साहेब रोज संध्याकाळी दुकानावरून घरी जायचे. घरी आजारी आई होती, त्यांना वेळेवर पोचायचं असायचं. आम्ही रोज हाक मारायचो. ते रोज हसून हात हलवायचे, "उद्या, उद्या." ते इतकं ठरलेलं झालं की आम्ही त्यांचं नावच 'उद्यासाहेब' ठेवलं.

मग त्यांची आई गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका संध्याकाळी ते स्वतःहून दुकानात शिरले. हातात डबा, घामाने शर्ट चिकटलेला. म्हणाले, "आज बसू का?"

त्या दिवशी नेमके आम्ही चार होतो. आणि गेम अर्ध्यावर. उठायचं नाही हा नियम आमच्या अंगात इतका मुरलेला की कोणी हललंच नाही. ते थोडा वेळ उभे राहिले, एक-दोन शॉटना "वा" म्हणाले आणि निघाले. महिन्याभरात त्यांची बदली झाली. मला ते आठवलं की अजून वाईट वाटतं. त्या माणसाला आम्ही इतक्या वेळा बोलावलं, आणि तो आला तेव्हा खुर्ची नव्हती.

*

आता रविवारचं सांगतो.

सलीमची बायको गेली, गुडघे गेले, सुईत दोरा ओवायला माझ्याकडून भिंग नेऊ लागला. मुलगा मस्कतला आहे. हो, मस्कतलाच! तो किती वर्षं मागे लागला होता. शेवटी सलीमने हो म्हटलं, गाळा दिला, मशीन भाचीला दिलं. रविवारी संध्याकाळी दोन बॅगा घेऊन तो दुकानात आला. न्यायला गाडी इथेच बोलावली होती.

तिघे बसलो. बोर्ड मांडलेला, पण सोंगट्यांना कोणी हात लावेना. तेवढ्यात टॅक्सीवाला दारात आला. पन्नाशीचा माणूस, कपाळावर गॉगल. "मस्कतचे पॅशिंजर कोन? चला, वेटिंग लागंल."

नामदेव सवयीने बोलून गेला, "बसा, चौथा नाय."

टॅक्सीवाल्याने घड्याळ पाहिलं. बॅगा पाहिल्या. सलीमकडे पाहिलं. "एकच गेम हां," म्हणाला आणि नामदेवच्या समोर बसला. मी आणि सलीम समोरासमोर.

आणि काय खेळला हो! सोंगट्या अशा जात होत्या की बोलायची सोय नाही. नामदेवने विचारलं, "कुटं शिकलात?" तर म्हणे, "जासईला कंटेनरवर होतो. गाडी लोड होईपरेंत दुसरं काय करनार?" मध्ये सलीमच्या मुलाचा फोन आला. "अब्बा, निघालात का?" सलीम म्हणाला, "बस बेटा, ये आखरी बोर्ड."

आखरीच होता. गुण दोन्ही जोड्यांचे काठावर आलेले, हा बोर्ड ज्यांचा, गेम त्यांचा. राणी कव्हर झालेली. आमची एक काळी उरलेली, त्यांची एक पांढरी. दोन्ही पॉकेटच्या अगदी तोंडाशी. कोणीही जरा धक्का दिला की संपलं. सलीम उठणार, बॅगा डिकीत जाणार.

माझी पाळी होती. ती काळी मी डोळे मिटून घेतली असती. स्ट्रायकर तिच्या बाजूने निघून गेला.

"म्हातारे झालात, शेट," नामदेव म्हणाला. बराच वेळ नेम धरला. त्याचा स्ट्रायकर पांढरीला न लागताच परत आला.

मग सलीम. त्याने बोटं चोळली, स्ट्रायकर लावला, पुन्हा उचलला, पुन्हा लावला. आयुष्यभर सरळ रेषेत शिवण मारलेला हात. समोरच्या लाकडाला आपटून स्ट्रायकर भलतीकडेच गेला.

टॅक्सीवाल्याने स्ट्रायकर ओढून घेतला. पांढरी त्याच्या समोरच होती, संध्याकाळभर त्याने याहून अवघड पाच-सहा घेतल्या होत्या. त्याने आमच्या तिघांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. मग खाली वाकला, नेम धरला आणि वीतभराने चुकला.

"शेट, पावडर हाय का?" तो म्हणाला. "बोर्ड जाम जड झालाय."