खालाच्या ओसरीवरचे चिंचोके

माझ्या लेकीचा डावा हात मी एकदा हिरव्या रिबिनीनं तिच्या फ्रॉकच्या पट्ट्याला बांधून टाकला होता. मी पडलो मास्तर. वळण लावायचा मला भारी सोस. कुसुम तेव्हा सहा वर्षांची. पाटीवरची ओळ ती डाव्या हातानं सुरू करायची, आणि पाटीचा मध्य आला की पेन्सिल उजव्या हातात देऊन उरलेली पुरी करायची. मला वाटलं, खोडी. हात बांधला आणि म्हणालो, "लिही आता." तिनं पाटीचा उजवा निम्मा भाग अक्षरांनी भरून काढला. डावा निम्मा कोराच! उजवा हात मध्यापर्यंत यायचा आणि वेशीवर थांबावा तसा थांबायचा.

परंड्याच्या आमच्या शाळेतले हेडमास्तर म्हणाले, "दिवाळीनंतर तपासणी आहे. तोवर एका हातानं ओळ लिहिली नाही, तर पोरीला घरी बसवा. मंद दिसते." तो शब्द घेऊन मी घरी आलो आणि जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजवाल्या खाला दारात उभ्या. पल्याडच्या गल्लीत राहायच्या, नवारीच्या बाजा विणायच्या. माणसाचं तोंड त्या नंतर बघायच्या, आधी हात. माझे हात बघून एकदा म्हणाल्या होत्या, "मास्तर, खडू सोडून काय धरलंच न्हाय वाटतं जल्मात." त्या दिवशी मात्र थट्टा नव्हती.

"पोरीचा हात चोर हाय का, बांधून ठिवायला?"

यांना कुठून कळलं, कोण जाणे. मी पुटपुटलो, "वळण लागावं म्हणून..."

"बांधलेला हात भांडत बसतो, मास्तर. त्याला काम द्या, गप होतो. दुपारची पोर माझ्याकडं धाडा. आन् तुम्ही येऊ नका."

अर्थात मी गेलोच, कुडाआडून बघायला. खाला ओसरीवर एका जागी मांडी ठोकून बसायच्या आणि बाज पुरी होईतो उठायच्या नाहीत. हातच चहूकडं फिरायचे. कुसुमलाही तोच कायदा. "बूड हलवायचं न्हाय. हात जाऊ दे पल्याड, पाव्हणा म्हणून." तिच्या डाव्या बाजूला चिंचोक्यांचा ढीग, उजव्या बाजूला वाडगं. डाव्या हातात शेळीच्या करडाची दोरी. उजव्या हातानं पलीकडचे चिंचोके उचलायचे आणि अलीकडं वाडग्यात टाकायचे. दुसऱ्या दिवशी सगळं उलटं: दोरी उजव्या हातात, पाहुणा डावा. करडाच्या गळ्यात हिरवी पट्टी बघून मला वाटलं, खालांची करडंसुद्धा नटवी.

पहिले आठ दिवस पोर नुसती रडली. हात मध्यावर आला की सगळं अंगच फिरवायची. खाला तिच्या गुडघ्यावर आपला गुडघा ठेवून म्हणायच्या, "रड की. रडायला कोण नक्को म्हणतंय? पर रडत रडत उचल." एका दुपारी मला राहवलं नाही. कुडाआडून म्हणालो, "आज पुरे करा, खाला." त्यांनी मानही वळवली नाही. "मास्तर, तुम्ही निजामाच्या शाळेत उर्दू उजवीकडनं लिवलं, आता मराठी डावीकडनं लिवता. तुम्हाला दोन्हीकडनं जाता येतंय, मग पोरीनं काय घोडं मारलं?"

चिंचोके झाल्यावर नवार आली. पट्टी बाजेच्या या काठावरून त्या काठावर ओढायची, घट्ट. दसऱ्यापर्यंत त्या दोघींनी मिळून एक बाज विणली. थोडी वाकडी होती. खालांनी ती आमच्याच घरी आणून टाकली.

तपासणीच्या दिवशी हेडमास्तरांनी कुसुमला पुढं बसवलं. तिनं उजव्या हातात पेन्सिल घेतली आणि डाव्या काठापासून सुरुवात केली. मध्यावर हात थांबला. मग तिचा डावा हात हळूच फ्रॉकच्या टोकाकडं गेला आणि त्यानं ते करडाची दोरी धरावी तसं मुठीत धरलं. उजवा हात पुढं निघाला. ओळ पुरी झाली, त्याच हातानं. दुसरी, तिसरीही. हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, कष्ट घेतलेत तुम्ही." मी चक्क मान डोलावली!

आता कुसुम ट्रेनिंग कॉलेजात आहे. तिच्या पुस्तकात म्हणे लिहिलंय, मेंदूचे दोन भाग असतात, डावा उजव्या अंगाला हुकूम देतो आणि उजवा डाव्याला. हात अंगाचा मध्य ओलांडायला लागले की त्या दोन भागांचं आपसातलं बोलणं वाढतं. काही मुलांना ते शिकवावं लागतं. "खालांना हे कुणी सांगितलं होतं, बाबा?" तिनं विचारलं. मला काय ठाऊक?

तिनं हे विचारलं, त्यानंतर महिन्याभरातच खाला कायमच्या लेकाकडं निघाल्या. कुर्डुवाडीच्या गाडीत बसवायला मी, बायको आणि कुसुम, तिघंही गेलो. खिडकीतून त्यांनी कुसुमचे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे करून बघितले, आणि गाडी हलेपर्यंत सोडले नाहीत. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "मास्तर, बाज सैल पडली तर पोरीला सांगा. तुम्ही हात लावू नका."

परतताना मी बायकोला म्हणालो, "चांगली बाई. बघ ना, त्या वेळी न बोलावता दारात आली."

बायको म्हणाली, "न बोलावता कशाला? तुम्ही उपाशी झोपलात, त्या रात्री ती हिरवी रिबीन घेऊन मीच गेले होते त्यांच्याकडं. म्हटलं, पोरीचा हात तिच्या बापानं बांधलाय, तुम्ही सोडवा."