कोरड्या नदीची ओटी

निघताना आमच्या ह्यांनी पिकअपमध्ये काय भरलं नव्हतं! तंबू, स्टोव्ह, पाण्याचे कॅन, भाड्याच्या दोन सायकली आणि सगळ्यांत शेवटी मी. माझ्या मांडीवर एक पिशवी होती. तिच्यात नारळ, तांदूळ आणि आईनं ट्रंकेत घातलेला हिरवा खण. नदीवर जायचं होतं ना! नवी नदी पहिल्यांदा भेटली की तिची ओटी भरायची, ही आमच्या घरची रीत.

बहारीनमध्ये नदी आहे हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. सप्टेंबरात आले तेव्हापासून नईम वस्तीतली एक खोली, तिथला घरघरणारा एसी आणि खिडकीसमोरची भिंत, एवढाच माझा परदेश. हे एसीचे मेकॅनिक. दिवसभर लोकांच्या खोल्या गार करायच्या आणि घरी येऊन जेवून झोपायचं. शेवटी मी सांगितलं, "अहो, माझं तिकीट काढा. मी चिपळूणला जाते." भांडण नव्हतं. मला खरंच करमत नव्हतं. आमच्या घरामागे वाशिष्ठी वाहते. सकाळी उठून तिच्याकडे बघायचं आणि मगच चूल पेटवायची, अशी सवय.

हे म्हणाले, "काढतो. पण आधी नदीकाठी तंबूत राहून येऊ. परत आल्यावरही जायचं म्हणालीस, तर शनिवारी तिकीट."

नदीचा शोध पेडणेकरभाऊंचा. ते वेंगुर्ल्याचे, ह्यांच्याच कंपनीत ड्रायव्हर. पिकअपही तेच चालवत होते. रिफा मागे पडलं, खजुराची झाडं संपली आणि दोन्ही बाजूंना तेलाचे पाइप सुरू झाले. मध्येच नंदीबैलासारखे मान हलवणारे पंप. सखीरच्या माळावर जिकडेतिकडे खैमे (तंबू) दिसायला लागले. हिवाळा आला की बहारीनी माणसं चांगली सिमेंटची घरं सोडून इथे वाळूत राहायला येतात. आमच्याकडे असं कुणी केलं तर भावकीत काहीतरी बिनसलंय, असं लोक म्हणतील.

"वैनी, उतरा. न्हय (नदी) इली," पेडणेकरभाऊंनी जाहीर केलं.

मी उतरले. वाळूत एक रुंद चर, त्यात गोटे, काटेरी झुडपं आणि कुणाची तरी एक चप्पल.

"पाणी कुठाय भाऊ?"

"पाऊस पडलो काय येता."

"आणि पाऊस कधी पडतो?"

"इंशाल्ला," भाऊ म्हणाले आणि स्टोव्ह उतरवायला गेले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. खुंट्या ठोकण्यात एकदम मग्न! त्यातही दक्षिणेकडे दार नको हा ह्यांचा हट्ट, म्हणून तंबूचं तोंड केलं उत्तरेला. पिठलं रटरटायला लागलं आणि तेवढ्यात शमाल (उत्तरेचा वारा) सुटला. तो सरळ दारातून पाहुण्यासारखा आत आला आणि जाताना तंबू घेऊन गेला. पिठल्यात इतकी वाळू पडली की चमचा खरखरायला लागला. शेजारच्या खैम्यातून दोन तरुण धावत आले, तंबू पकडून आणला, आम्हाला न विचारता त्याचं तोंड दक्षिणेला केलं आणि हसत निघून गेले. ह्यांची वास्तुशांत झाली.

सकाळी आम्ही दोघं सायकलींवर जबल दुखान (धुराचा डोंगर) बघायला निघालो. चिपळुणात त्याला टेकडीसुद्धा कुणी म्हटलं नसतं. अर्ध्या वाटेत काट्यांनी दोन्ही सायकलींची हवा काढली. ढकलत परत येताना हे गंभीरपणे म्हणाले, "व्यायाम झाला." मला हसू आवरेना. या देशात आल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्यानं हसत होते, आणि तरीही तिकिटाचा विचार काही मनातून गेला नव्हता.

तंबूपाशी एक म्हातारी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. त्या तरुणांची आई, उम्म जासिम. ती वाळूचं पिठलं बघत होती.

"ये खाना? मफी, मफी! (नाही, नाही!) तआली! (ये!)" म्हणत तिनं माझा हात धरला आणि खैम्यात नेलं. चटईवर भलंमोठं ताट, त्यात मचबूस (मसाल्याचा भात) आणि वर अख्खा मासा. काटे काढून ती माझ्यापुढे तुकडे सारत राहिली. मी थांबले की ओरडायची, "खाओ! यल्ला! (चल, लवकर!)" माझ्या आईनंतर जेवताना मला असं कुणी रागावलं नव्हतं.

निघायची वेळ झाली. पिशवीतला नारळ तसाच होता. नदीत घालावा तर नदी नाही, परत न्यावा तर मन होईना. मी उम्म जासिमच्या समोर गेले, तिच्या काळ्या अबायाचं टोक तिच्याच हातात दिलं आणि तांदूळ, खण, नारळ घालून तिची ओटी भरली. खैम्यातल्या बायका बघत राहिल्या. तिनं वस्तू बाजूला ठेवल्या, माझा पदर पसरला आणि मी केलं होतं तसंच, दोन्ही हातांनी, त्यात खजूर आणि वाळवलेली लिंबं घातली. वर मूठभर तांदूळ. मग पदराला स्वतः गाठ मारली. मी तिच्या गळ्यात पडून रडले.

नईमला पोचलो. जिन्यात सायकली टेकवून हे हळूच म्हणाले, "मग... शनिवारी तिकीट?"

"कशाला? ओटी भरून निघालेली बाई माहेराहून सासरी येते. विमानतळावर कशाला जाईल?"

खालून पेडणेकरभाऊ ओरडले, "मगे! न्हय आसा म्हणान सांगललंय ना!"

पुढे कित्येक हिवाळे आम्ही तिथेच तंबू ठोकला, दार दक्षिणेला. त्या नदीत पाणी मी एकदाही पाहिलं नाही, पण नारळ न्यायला कधी विसरले नाही.