ज्याचं ओके, त्याची सीट

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. ती पिन मी पाहिली नव्हती.

सुभेदार यशवंत कळंबटे यांच्यावर चार शब्द लिही, असं वाडीतल्या मंडळींनी मला सांगितलं. इंजिनीअर रेजिमेंटमध्ये मी त्यांच्या हाताखाली होतो. दोघेही रत्नागिरी तालुक्यातले, त्यामुळे फौज सुटल्यावरही जाणं-येणं राहिलं. "चांगलं चांगलं लिही," असंही बजावलंय. चांगलं पुष्कळ आहे. पण साहेबांनी माणसांना किती वैताग आणला ते लिहिल्याशिवाय त्यांची ओळख पटायची नाही. आणि त्या वैतागाचं मूळ त्या पिनेत आहे.

साहेब पेन्शन घेऊन वाडीत आले तेव्हा त्यांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, वाटलं, आता माणूस घरी बसेल. बसला नाही. विहिरीचा रहाट, माळ्याची शिडी, गॅसची नळी, शेजाऱ्याच्या गोठ्याचे वासे, सगळ्याची तपासणी सुरू झाली. नुसत्या नजरेने नाही. हातोडीने ठोकायचं, हाताने ओढायचं, मग स्वतःचा भार टाकून बघायचं. आंब्याच्या दिवसांत नेपाळी गडी झाडाखाली बसून राहायचे, कारण शिडी पास झालेली नसायची.

"अहो, झाडावरच वाळून साटं व्हायची वेळ आली आंब्यांची!" काकू ओरडायच्या.

"आंबा पडला तर चालतं. गडी पडून चालत नाही."

धाकट्या मुलीची, सुजाताची, स्कूटी ते रोज सकाळी आधी वळणापर्यंत चालवून आणायचे, मग तिच्या हातात द्यायचे. तिचं कॉलेजचं पहिलं लेक्चर कायम बुडायचं. तिच्या लग्नात तर कहर झाला. मुहूर्ताला थोडाच वेळ उरलेला, वऱ्हाड दारात, आणि मुलीचा बाप फेटा बांधून स्टेजवर उड्या मारतोय.

"बाबा, उतरा ना! लोकं हसतायत."

"हसू देत. मंडपवाले, तुम्ही या वर. तुमचं ओके आहे ना? मग आधी तुम्ही उभे राहा."

मंडपवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्यांना फौजेत परत पाठवा हो कुणीतरी."

सगळे हसले. मीही हसलो. खरं तर मला हसायचा हक्क नव्हता.

फौजेत पूल बांधायचं आमचं काम असे. पोलादी चौकटी एकमेकींना जोडायच्या, प्रत्येक जोडात जाड पिन ठोकायची, पिनेच्या टोकाला एक छोटी क्लिप लावायची. क्लिप नसेल तर हादऱ्यांनी पिन बाहेर सरकते. पूल पुरा झाला की एक एनसीओ, म्हणजे नाईक किंवा हवालदार, प्रत्येक पिन बघतो, हातोडीचा टोला देतो आणि "ओके" म्हणतो. आमच्या कंपनीत साहेबांनी आणखी एक रिवाज पाडला होता. ज्याने ओके दिलं त्याने पहिल्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसायचं. "ज्याचं ओके, त्याची सीट." नव्या पोरांना ते हे पहिल्याच दिवशी ऐकवायचे.

तेव्हा आमचं पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात होतं. नाल्याला पूर येऊन जुना पूल गेला होता, पलीकडे एक पोस्ट आणि एक गाव अडकलं होतं. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवा पूल टाकला. चेकिंग माझ्याकडे होतं. मी नाईक होतो.

आतल्या बाजूच्या पिना पुलावरून दिसतात. बाहेरच्या बाजूच्या खालच्या पिना बघायला मात्र कठड्याबाहेर ओणवं व्हावं लागतं. वारा असा की बोटं हातोडीला चिकटत होती. खाली पाणी गरजत होतं. तीन जोड मी नीट पाहिले. पुढच्या जोडाशी मी ओणवा झालो नाही. वरूनच टोला मारला आणि ओरडलो, "ओके!"

साहेबांनी नंतर स्वतः एक फेरी मारली. ती त्यांची नेहमीची, वरवरची फेरी. माझ्या चेकिंगवर त्यांचा भरवसा होता.

दुपारी तीनच्या सुमाराला वन-टन गाडी पुलाच्या तोंडाशी उभी राहिली.

"विजय, चढ."

मी म्हटलं, "साब, लाँचिंगचं सामान मोजायचं राहिलंय."

माझ्या शेजारी दिलावर मुकादम उभा होता, आमच्यातला सॅपर, म्हणजे साधा जवान. जयगडचा. अख्ख्या कंपनीत कोकणातले आम्ही तिघेच. तो म्हणाला, "मी बसतो साब. ह्याला मेल्याला गाडी लागते. दाभोळच्या फेरीबोटीतसुद्धा ओकतो हा."

साहेब हसले. एवढ्या वर्षांत त्यांनी रिवाज मोडला तो त्याच एका वेळी. "बरं, चढ तू."

साहेबांनी वायरलेसवर पलीकडच्या काठाला कळवलं, "होम बँक से फार बँक. गाडी छोड रहा हूँ. ओव्हर."

"फार बँक ओके. ओव्हर."

गाडी मध्यावर गेली आणि पूल एका अंगाला बसला. मोठा आवाज नव्हता. कपाट सरकवल्यासारखा आवाज आला. बाहेरची पिन निघाली होती, आतल्या चौकटीने भार धरला होता. ड्रायव्हर घाबरून जागीच थांबला. त्याला मागे घ्यायला दिलावर खाली उतरला आणि हात दाखवू लागला. "आने दे... आने दे..." गाडी हलली तसा पूल दुसऱ्यांदा बसला. गाडी सुखरूप परत आली. दिलावर नाही आला. तो नाल्याच्या खालच्या वळणावर दुसऱ्या दिवशी मिळाला.

चौकशीत मला विचारलं. मी म्हणालो, "चेक केलं होतं, सर."

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "नाईकने चेक केलं होतं. शेवटची फेरी माझी होती. क्लिप निघालेली मला दिसायला हवी होती. नजर माझी चुकली."

ठपका त्यांच्यावर आला. सुभेदार मेजर व्हायचे होते, ते सुभेदारच राहून घरी आले. पुढचं आयुष्यभर त्या माणसाने आपल्या नजरेवर विश्वास ठेवला नाही. म्हणून हातोडी, म्हणून उड्या, म्हणून ती स्कूटी. एक अख्खं घर वैतागून गेलं. त्यामागचं खरं कारण एकट्या मला ठाऊक होतं आणि वैतागणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होतो.

मी मांडवीला राहतो. रविवारी सकाळी साहेबांचा फोन ठरलेला. "विजय, ये. साकव बघायचाय." वाडीच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, एक लोखंडी साकव आहे, त्यावरून वाडी रस्त्याला जोडलेली. मी चरफडत बांगडे घ्यायचो, काकूंकडे द्यायचो आणि साहेबांमागून पऱ्यावर जायचो.

गेल्या गणपतीआधी साकवाच्या फळ्या बदलल्या. चाकरमानी यायला लागले होते, सगळ्यांना घाई. मी बोल्ट तपासले. ह्या वेळी खरोखर, खाली वाकून, एकेक तपासला आणि ओके दिलं. तरी साहेब काठी टेकत पऱ्यात उतरायला निघाले. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. शेवाळावर पाय घसरला आणि ते पाण्यात बसले.

मी भडकलो. "साहेब, पुरे करा आता! मी सांगतोय ना तपासलंय? माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

ते तसेच पाण्यात बसून म्हणाले, "तुझ्यावर आहे रे. माझ्यावर नाही. एकदा नजर चुकली माझी. दिलावर गेला."

तेव्हा सांगायचं होतं. पऱ्यात आम्ही दोघंच होतो. चार शब्द पुरले असते आणि म्हातारा त्या पाण्यातून हलका होऊन उठला असता. मी हात दिला, त्यांना उभं केलं आणि म्हणालो, "चला, काकू वाट बघतायत."

मार्गशीर्षात ते गेले. सकाळी चहा घेतला, रहाटाची दोरी ओढून पाहिली आणि विहिरीच्या कट्ट्यावर बसले, ते तिथेच.

स्मशान पऱ्यापलीकडे आहे. तिरडी साकवाशी आली आणि खांदेकरी आपोआप थांबले. इतक्या वर्षांची सवय. पुढचा भिकूदादा माझ्याकडे वळला. "विजय, बघून घे बाबा. नायतर उठून बसतील."

मी पऱ्यात उतरलो. एकेक बोल्ट हाताने हलवून पाहिला. वर माणसं ताटकळली.

"अरे, मयत खांद्यावर हाय! उरक की!"

"हा दुसरा कळंबटे झाला बघ."

"ओके," मी म्हटलं आणि वर येऊन पहिला साकवावर चढलो. मधोमध उभा राहिलो. मग त्यांना बोलावलं.

तेराव्याला काकू म्हणाल्या, "सगळ्यांना छळलं रे ह्यांनी. पण त्या पोराचं दुःख मनातून गेलं नाही. एवढे डोळस, तरी त्या दिवशी नजरेला काय झालं होतं कोण जाणे." मी पत्रावळी उचलायला गेलो.

साहेबांच्या नजरेला काही झालं नव्हतं. जे मी बघितलंय म्हणून सांगितलं, ते त्यांनी बघितलेलं धरलं, एवढंच.

दिलावरची आई अजून जयगडला आहे. साहेब दर वर्षी ईदच्या आधी तिला भेटून यायचे आणि माफी मागायचे. मी तिथेच बंदरात सिक्युरिटीच्या नोकरीवर आहे आणि तिच्या दारावरून जाणारा रस्ता सोडून लांबच्या रस्त्याने जातो.

सॅपर दिलावर मुकादम. सुभेदार यशवंत कळंबटे. एक माझ्या सीटवर बसून गेला, दुसरा माझी चूक आपली समजून गेला.

त्या दिवशीची सीट माझी होती. हे काकूंना आणि दिलावरच्या आईला त्यांच्या दारात उभं राहून, तोंडाने सांगायचं देणं मी लागतो. साहेबांचंही लागत होतो. ते आता फिटणार नाही.